चित्रकार अँग्र याची शिसपेन्सिल

फ्रेंच भाषेत ‘अँग्रचे व्हायोलिन’ असा एक वाक्प्रचार रूढ आहे. एखाद्या वकिलाला बागकामाचा नाद असावा किंवा एखादा वैद्य फावल्या वेळात कविता करीत असावा. तर ती बाग, ती कविता म्हणजे त्या गृहस्थाचे ‘अँग्रचे व्हायोलिन’ होय, असे तिकडे म्हणतात. झां ऑग्यूस्त दॉमिनिक अँग्र हा एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सचा एक अग्रगण्य चित्रकार. त्याला व्हायोलिनचे वेड होते आणि ऐन पौगंडावस्थेत तूलूझ शहराच्या वाद्यवृंदात तो वादक म्हणून बसतही असे. त्यावरून हा वाक्प्रचार निघाला. परंतु या चित्रकाराच्या आयुष्यात आणखी एक दुय्यम उद्योग होता, आणि त्याचे नाव कोणत्याही वाक्प्रचारात आले नाही. शिसपेन्सिलीने लोकांची छोटी छोटी व्यक्तिचित्रे काढून देणे, हा तो उद्योग. अँग्रने तो नाइलाजाने पत्करला. त्याबद्दल त्याला जवळजवळ लाज वाटत असे. आणि ज्या रेषेवरून आज त्याचे चित्र दुरूनही ओळखू येते, ती रेषा याच उद्योगात पक्की झाली.

प्रथम या साधनाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो खरे, पण तिच्यात शिशाचा अंशही नसतो. इंग्लंडमध्ये कंबरलंड परगण्यातील बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात एक काळा, मऊ खनिज पदार्थ सापडला. तो कागदावर ओढला की करडी, किंचित चकाकणारी रेघ उमटे. हा शिशाचाच एखादा प्रकार असावा अशी लोकांची समजूत झाली, आणि ते चुकीचे नाव त्याला कायमचे चिकटले. स्वीडिश रसायनज्ञ शेले याने १७७९ मध्ये तो पदार्थ म्हणजे कार्बनच होय हे दाखवून दिले. पुढे दहा वर्षांनी जर्मन खनिजशास्त्रज्ञ व्हेर्नर याने ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे ‘ग्रॅफाइट’ असे नामकरण केले.

फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात १७९३ मध्ये युद्ध पेटले आणि बॉरोडेलचे ग्रॅफाइट फ्रान्सला मिळेनासे झाले. अशा वेळी कोंते नावाच्या एका हरहुन्नरी फ्रेंच माणसाने निकृष्ट ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत कालवून, तिच्या कांड्या करून भट्टीत भाजण्याची युक्ती काढली. १७९५ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. या युक्तीत एक अनपेक्षित लाभ दडलेला होता. माती अधिक घातली की कांडी कठीण होई आणि रेघ फिकट व बारीक उमटे; माती कमी केली की कांडी मऊ होई आणि रेघ काळी व जाड उमटे. इच्छेप्रमाणे कठीण किंवा मऊ पेन्सिल मिळू लागली ती तेव्हापासून. त्या वर्षाच्या आरंभी अँग्र पंधरा वर्षांचाही नव्हता. त्याची पिढी ही अशी पेन्सिल हाती घेऊन मोठी झालेली पहिलीच पिढी होय.

त्यापूर्वी मानवाकृतीच्या अभ्यासासाठी युरोपातील चित्रकार मुख्यतः तांबडा किंवा काळा खडू वापरीत. खडूची रेघ रुंद, मऊ. ती बोटाने चोळली की छाया तयार होते. अंगाची गोलाई, स्नायूंचे उंचसखल भाग, मांसलपणा हे सारे खडूला सहज साधते. ग्रॅफाइटचा स्वभाव याच्या उलट आहे. ते कितीही दाबून घासले तरी खरे काळे होत नाही. उलट चकाकू लागते. तेव्हा जो चित्रकार केवळ ग्रॅफाइटवर विसंबतो, त्याला गडद छायेचा आधार सोडून द्यावा लागतो. आकृतीच्या कडेने धावणारी एक बारीक रेषा, तेवढेच भांडवल त्याच्या हाती उरते.

अँग्रचा जन्म २९ ऑगस्ट १७८० रोजी दक्षिण फ्रान्समधील माँतोबाँ या गावी झाला. वडील मूर्तिकाम, नक्षीकाम, चित्रे आणि संगीत अशा अनेक कलांत गती असलेले, पण कशातच फार मोठे नाव न मिळवलेले गृहस्थ होते. चित्रांचे आणि व्हायोलिनचे पहिले धडे त्यांनीच मुलाला दिले. शाळेचे शिक्षण क्रांतीच्या धामधुमीत अर्धवट राहिले आणि त्या उणिवेचा सल अँग्रच्या मनात जन्मभर राहिला. १७९१ मध्ये, अकराव्या वर्षी, त्याला तूलूझच्या कला-अकादमीत घालण्यात आले. तिथे इटालियन चित्रकार रॅफेएल याच्या एका मॅडोनाची नक्कल त्याच्या पाहण्यात आली, आणि रॅफेएल हे त्याचे दैवत झाले ते अखेरपर्यंत.

त्या काळी कलाशिक्षणाचा क्रम ठरलेला होता. आधी छापील चित्रांची नक्कल करायची, मग प्राचीन ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती रेखाटायच्या, आणि त्यात हात बसला म्हणजे मगच जिवंत माणूस समोर बसवायचा. १८५७ मध्ये मुंबईत निघालेल्या सर ज. जी. कलाशाळेतही प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन शिकवीत ते याच युरोपीय परंपरेतून आले. अँग्र या सर्व पायऱ्या चढला. त्याची तरुणपणीची पेन्सिलीतील व्यक्तिचित्रे पाहिली तर ती बहुधा छोट्या वर्तुळात बसवलेली, चेहऱ्याची एकच बाजू दाखवणारी, बारीक बारीक रेघांनी काळजीपूर्वक भरून काढलेली दिसतात. ती नीटनेटकी आहेत, कसबाची आहेत. पण त्या काळातल्या कोणत्याही हुशार मुलाने ती काढली असती. छापील कोरीव चित्रांचा ठसा त्यांच्यावर स्पष्ट आहे. पुढच्या अँग्रची चाहूल त्यांत लागत नाही.

१७९७ मध्ये तो पॅरिसला गेला आणि क्रांतिकाळातील सर्वश्रेष्ठ चित्रकार दाव्हीद याच्या चित्रशाळेत दाखल झाला. दाव्हीदच्या शिकवणीत रंगापेक्षा रेखेला मान होता आणि नग्न मानवाकृतीचे रेखाटन हा सर्व शिक्षणाचा पाया मानला जाई. त्याच सुमारास इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन याने होमरच्या काव्यांसाठी काढलेली चित्रे तरुण चित्रकारांच्या हाती आली होती. प्राचीन ग्रीक कलशांवरील चित्रांप्रमाणे त्यांत छाया नव्हती. नुसती बाह्यरेषा होती. अँग्रला त्यांचे मोठे आकर्षण वाटले. १८०१ मध्ये त्याने रोमला जाऊन शिकण्याचे मानाचे पारितोषिक जिंकले, परंतु सरकारी तिजोरीत खडखडाट असल्यामुळे प्रत्यक्ष रोमला जायला १८०६ साल उजाडले.

निघण्यापूर्वी त्या वर्षी त्याने काढलेले एक पेन्सिलचित्र आज लूव्र संग्रहालयात आहे. ज्यूली फोरेस्तिए या तरुणीशी त्याचा वाङ्निश्चय झालेला होता. हे तिच्या कुटुंबाचे चित्र. आईवडील आणि मामा बसलेले आहेत, मोलकरीण खोलीत डोकावते आहे, आणि मध्ये वाद्यापाशी ज्यूली उभी आहे. चेहरे मात्र आता वर्तुळातून बाहेर आले आहेत. प्रत्येकाच्या बसण्या-उभे राहण्यात त्याचा त्याचा स्वभाव आहे. कपड्यांवर रेघांची गर्दी नाही. कागदाचा बराचसा भाग तसाच पांढरा सोडला आहे आणि तो रिकामा वाटत नाही. येथून पुढची वाट सुरू होते.

तो रोमच्या वाटेला लागला आणि मागे पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात त्याच्या चित्रांची टीकाकारांनी दुर्दशा केली. सिंहासनावर बसलेल्या नेपोलियनचे त्याने काढलेले भव्य चित्र त्यांत होते. ही चित्रे सपाट आहेत, त्यांतली रेषा कोरडी आहे, हा माणूस कलेला चार शतके मागे ‘गॉथिक’ काळात नेऊन ठेवतो आहे, असा आक्षेप आला. या टीकेने अँग्र इतका दुखावला की यश मिळाल्याखेरीज पॅरिसला परतायचे नाही असे त्याने ठरवले. त्यापायी ज्यूलीशी ठरलेला विवाहही मोडला. ती पुढे अविवाहितच राहिली. अँग्रशी एकदा वाङ्निश्चय झाल्यावर दुसऱ्या कुणाशी लग्न कसे करावे, असे ती म्हणत असे, असे सांगतात. त्या बोलण्यात अभिमान किती आणि उपरोध किती, हे ठरवणे अवघड आहे.

रोममधली सरकारी शिष्यवृत्ती १८१० मध्ये संपली, तरी अँग्र तिथेच राहिला. नेपोलियनने १८०९ मध्ये रोम फ्रान्सला जोडून घेतले होते. त्यामुळे फ्रेंच अधिकाऱ्यांचा मोठा तांडा त्या शहरात येऊन राहिला होता. कुणी टपालखात्याचा प्रमुख, कुणी जंगलखात्याचा, कुणी पोलिसांचा. या मंडळींना आपली चित्रे हवी होती. ज्यांना तैलचित्र परवडे ते तैलचित्र काढून घेत. इतर पेन्सिलचित्रावर समाधान मानीत. जंगलखात्यातला मार्कोत हा तर त्याचा जन्माचा मित्र झाला.

१८१३ मध्ये अँग्रने मादलेन शापेल हिच्याशी विवाह केला, तोही आपल्याकडच्या जुन्या पद्धतीला शोभेल असा. तो ज्या विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला होता, तिनेच आपल्या या नात्यातल्या बहिणीचे नाव सुचवले. पत्रव्यवहारावर सर्व ठरले. वधू फ्रान्समधून एकटी निघाली आणि रोमच्या वेशीबाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या वराला तिने प्रथमच पाहिले. संसार छत्तीस वर्षे सुखाचा झाला. अँग्रने तिची अनेक पेन्सिलचित्रे काढली आहेत. परक्यांच्या चित्रांत दिसणारी ऐट त्यांत नाही. नजर साधी, विश्वासाची आहे.

संसाराला वर्ष होते न होते तोच नेपोलियनचे राज्य कोसळले. फ्रेंच अधिकारी रोम सोडून पळाले. नेपल्सची राणी कारोलीन, नेपोलियनची बहीण, हिने अँग्रला मोठी कामे दिली होती. तिचीही गादी गेली आणि अँग्रला मोबदल्यावर पाणी सोडावे लागले. पॅरिसमध्ये नाव नाही, रोममध्ये आश्रयदाता नाही, आणि घरात नवी पत्नी, अशी त्याची स्थिती झाली. नेमक्या त्याच वेळी युद्धामुळे वीस वर्षे अडकून पडलेले इंग्रज प्रवासी इटलीत लोटू लागले. त्यांना रोमची आठवण म्हणून काहीतरी घरी न्यायचे असे. आजचा प्रवासी ताजमहालापुढे उभा राहून छायाचित्र काढून घेतो तसाच हा प्रकार होता. अँग्रच्या चित्रांत सेंट पीटरचा घुमट, व्हिला मेदिचीचे मनोरे असे काही मागे फिकट रेषांत दिसते, ते यासाठीच.

अँग्रने हे काम घेतले, पण मनापासून नव्हे. होमर, रॅफेएल, रोमन इतिहास हे ज्याचे विषय, त्याने उमराव प्रवाशांचे चेहरे काढून पोट भरावे याचा त्याला मनस्ताप होई. एकदा दारावर थाप पडली. छोटी व्यक्तिचित्रे काढणारा माणूस इथेच राहतो काय, असे आलेल्या गृहस्थाने विचारले. नाही, इथे राहणारा माणूस चित्रकार आहे, असे उत्तर देऊन अँग्रने दार लावून घेतले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याच्या स्वभावाला धरून आहे. त्याच्या रोममधील मोठ्या ऐतिहासिक चित्रांपैकी काही आज फक्त अभ्यासक पाहतात. ज्या कागदांकडे तो असा पाठ फिरवीत होता, ते कागद मात्र युरोप-अमेरिकेतील संग्रहालये आज जिवापाड जपतात.

हे चित्र तयार कसे होई? त्याची कागदाची पाटी विशेष प्रकारची असे. एका पुठ्ठ्यावर काही कागद ठेवून, त्यांवर उत्तम गुळगुळीत पांढरा इंग्रजी कागद ताणून, मागे दुमडून चिकटवलेला असे. त्यामुळे पृष्ठभाग ढोलकीच्या पुडीसारखा ताठ राही आणि तरीही पेन्सिलीखाली किंचित दबे. पेन्सिल कठीण, सुईसारखे टोक काढलेली. बैठक सकाळी सुमारे दीड तास होई. मग अँग्र त्या व्यक्तीबरोबरच जेवण घेई. जेवताना माणूस सैलावतो, बोलतो, हसतो, चित्रासाठी धारण केलेला चेहरा विसरतो; चित्रकाराचे डोळे मात्र तेव्हाही कामावरच असत. दुपारी आणखी दोन-अडीच तास बसले की चित्र पुरे. दुसऱ्या दिवशी हात फिरवण्याची वेळ क्वचितच येई, असे त्याला ओळखणाऱ्यांनी सांगून ठेवले आहे.

ही चित्रे आकाराने लहान, साधारण फूटभर उंचीची, आणि त्यांतला चेहरा तर अंगठ्याएवढा असतो. त्या अंगठ्याएवढ्या जागेत अँग्र सारी सूक्ष्मता ओतीत असे. पापण्या, ओठांचे कोपरे, गालावरची हलकी छाया हे सारे इतक्या बारीक टोकाने केलेले असते की रेघ वेगळी दिसत नाही. मान संपली की मात्र हाताची चालच बदलते. कोटाची बाही दोन-तीन वेगवान रेषांत उरकलेली, घड्या झटक्यासरशी ओढलेल्या, बुटांचे केवळ सूचन केलेले. चेहऱ्यावर मन एकाग्र झालेले आणि कपड्यांत हात मोकळा सुटलेला, अशा दोन वेगळ्या गती एकाच कागदावर नांदतात, आणि पाहणाऱ्याची नजर आपोआप चेहऱ्याकडे जाते.

दाव्हीदच्या शाळेत हे कुणी शिकवले नव्हते. रॅफेएलमध्येही ते या स्वरूपात नाही. चार तासांची मुदत, ओळख ना पाळख असा गिऱ्हाईक, रंग नाही, काळी छाया नाही, आणि साम्य तर शंभर टक्के साधले पाहिजे, कारण पैसे साम्याचे आहेत. या अडचणींनी काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय दररोज करायला लावला. असे निर्णय शेकडो वेळा झाले. अँग्रची आज ज्ञात असलेली पेन्सिल-व्यक्तिचित्रे सुमारे साडेचारशे भरतात, आणि त्यांतला मोठा भाग रोममधल्या या वर्षांतला आहे.

व्हायोलिनचा जादूगार पागानीनी याचे १८१९ चे चित्र पाहावे. अँग्र त्याला ओळखत होता. दोघांनी एकत्र वादनही केले होते. चित्रात पागानीनी वाद्य काखेत घेऊन उभा आहे, पोशाख व्यवस्थित, मुद्रा शांत, ओठांवर हसू फुटेल न फुटेल असे. बारा वर्षांनी दलाक्र्वा या दुसऱ्या थोर फ्रेंच चित्रकाराने त्याच माणसाचे तैलचित्र काढले. त्यात अंधारात वादनाच्या आवेशाने पछाडलेली एक कृश, वाकडी आकृती आहे. लोकांनी सैतानाशी करार केलेला म्हणून ज्याच्या कथा रचल्या तो पागानीनी दलाक्र्वाने दाखवला. तालमीला वेळेवर येणारा, आपल्या कसबाची पुरती जाणीव असलेला वादक अँग्रने दाखवला. दोन्ही खरेच असतील. पण बरोबर बसून वाजवणाऱ्याची साक्ष अँग्रजवळ आहे.

स्तामाती कुटुंबाचे १८१८ चे समूहचित्र हे या सर्वांत अधिक धाडसाचे. पाच माणसे आणि एक पियानो पेन्सिलीने एका कागदावर बसवायची, आणि कोणालाही परके वाटू द्यायचे नाही! त्यांतला एक मुलगा, कामीय, पुढे पियानोवादक झाला आणि सँ-सांस या प्रख्यात संगीतकाराचा गुरू म्हणून संगीताच्या इतिहासात नोंदला गेला.

पेन्सिलीतली ही रेषा अँग्रच्या तैलचित्रांत शिरली तेव्हा खळबळ उडाली. नेपल्सच्या राणीसाठी १८१४ मध्ये काढलेली ‘मोठी ओदालिस्क’ ही पाठमोरी पहुडलेली अंतःपुरातील स्त्री १८१९ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांपुढे आली. मानेपासून कमरेपर्यंत एकच लांब, अखंड, वळण घेणारी रेषा. आणि त्या रेषेसाठी पाठ प्रमाणाबाहेर लांब झालेली. हिच्या पाठीत तीन मणके जास्त आहेत, असा टोला टीकाकाराने मारला. तीन नव्हेत, पाच असावेत, असे २००४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी मोजमाप करून प्रसिद्ध केले. अँग्रला प्रमाणबद्धता येत नव्हती असे म्हणणे त्याची रेखाटने पाहिलेल्या कोणालाही शक्य नाही. शरीरशास्त्राची त्याला नावड होती हे खरे. पण इथे रेषेला जिथपर्यंत जायचे होते तिथपर्यंत त्याने तिला जाऊ दिले आणि मणक्यांची पर्वा केली नाही. पेन्सिलचित्रांत बाहीला दोन रेघांत संपवणारा हात हाच होता.

व्यक्तिचित्रांखेरीज अँग्रची ग्रॅफाइटमधील दुसरी एक प्रचंड दुनिया आहे, ती म्हणजे मोठ्या चित्रांसाठी केलेली मानवाकृतींची अभ्यासचित्रे. जन्मगावी, माँतोबाँच्या जुन्या बिशपवाड्यातील संग्रहालयात त्याची चार हजारांहून अधिक रेखाटने आहेत. ती त्याने स्वतःच गावाला दिली. दाँपिएर येथील प्रासादात ‘सुवर्णयुग’ हे भित्तिचित्र काढण्यासाठी १८४० नंतरच्या दशकात त्याने अशी शेकडो रेखाटने केली, आणि चित्र शेवटी अपुरेच सोडले. या कागदांवर एकाच शरीराला कधी तीन हात, कधी चार पाय दिसतात. एक हात काढून पाहिला; मन भरले नाही; तो न खोडता त्याच खांद्यावर दुसरा काढला, मग तिसरा. अनोळखी पाहुण्यांपुढे चार तासांत संपणारी निश्चित रेषा इथे चाचपडते, परत फिरते, पुन्हा निघते. व्यक्तिचित्रातली सहजता कशाच्या बळावर होती, हे या पानांवरून कळते. रेखाटन हाच कलेचा प्रामाणिकपणा, असे तो शिष्यांना सांगे. इतरांच्या बाबतीत हे वाक्य उपदेश वाटले असते. या माणसाच्या बाबतीत ते रोजच्या कामाचे वर्णन होते.

१८२० मध्ये तो फ्लॉरेन्सला गेला आणि चार वर्षे एका मोठ्या धार्मिक चित्रावर खपला. १८२४ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला ज्या यशाची वाट अठरा वर्षे पाहावी लागली ते यश मिळाले. शिष्य जमले, मानसन्मान आले. आता पैशासाठी पेन्सिल धरण्याची गरज उरली नाही. मात्र स्नेहासाठी ती त्याने शेवटपर्यंत धरली. रोममधील फ्रेंच अकादमीचा संचालक असताना १८३९ मध्ये संगीतकार लिस्टचे आणि १८४१ मध्ये तिथे विद्यार्थी असलेल्या तरुण गूनोचे चित्र त्याने असेच काढून दिले. गूनो पियानोपाशी बसला आहे आणि समोर मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ची स्वरलिपी उघडी आहे. याच अँग्रला मदाम म्वातेसिए या बाईंचे एक तैलचित्र पुरे करायला बारा वर्षे लागली, १८४४ पासून १८५६ पर्यंत! रंग घेतला की त्याचे मन शंकांनी घेरले जाई. पेन्सिल घेतली की जात नसे.

१८५५ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात त्याच्या आयुष्यभराच्या चित्रांना स्वतंत्र दालन देण्यात आले. पेन्सिलचित्रे त्यात मांडू देण्यास त्याने नकार दिला. ती मांडली तर लोक दुसरे काही पाहणारच नाहीत, असे तो म्हणाल्याचे सांगतात. एवढ्यापुरते तरी त्याला आपल्या या दुय्यम उद्योगाचे बळ कळले होते. १८६७ च्या जानेवारीत, शहाऐंशी वर्षांचा होऊन, तो वारला.

ज्या वर्षी तो नकार दिला त्याच वर्षी एक एकवीस वर्षांचा युवक त्याला भेटून गेला होता. रेषा काढीत जा, पुष्कळ रेषा, प्रत्यक्ष पाहूनही आणि आठवूनही, असा उपदेश अँग्रने त्याला केला. तो युवक म्हणजे दगा. तो हा उपदेश जन्मभर सांगत राहिला आणि पैसे हाती येऊ लागताच अँग्रची चित्रे व रेखाटने विकत घेत सुटला. त्याच्या मृत्यूनंतर मार्च १९१८ मध्ये, जर्मन तोफांचे गोळे पॅरिसवर पडत असताना, त्या संग्रहाचा लिलाव झाला. लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्यात मस्यू द नॉर्व्हँ यांचे तैलचित्र घेतले; नेपोलियनच्या रोममधला पोलिसांचा प्रमुख तो हाच. त्याआधी तीन वर्षे, १९१५ मध्ये, घनवादाने जगाला चकित केलेल्या पिकासोने अचानक शिसपेन्सिल उचलून चित्रविक्रेता व्होलार याचे हुबेहूब चित्र काढले होते. मित्र बुचकळ्यात पडले. चेहरा आणि पोशाख यांच्यातील जुने गणित त्यात ओळखू येत होते.

अलीकडचा वाद इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी याने उपस्थित केला. १९९९ मध्ये लंडनला भरलेल्या अँग्रच्या व्यक्तिचित्रांच्या प्रदर्शनात ही पेन्सिलचित्रे पाहून त्याला संशय आला की, एवढ्या लहान चेहऱ्यात इतकी अचूकता नुसत्या डोळ्यांनी येणे शक्य नाही. १८०६ मध्ये वॉलॅस्टन या इंग्रजाने ‘कॅमेरा ल्युसिडा’ नावाचे एक छोटे लोलकयंत्र शोधले होते; त्यातून समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पडल्याचा भास होतो. अँग्रने ते वापरले असावे, असे हॉकनीने २००१ च्या आपल्या ग्रंथात मांडले. अँग्रने हे यंत्र वापरल्याचा लेखी पुरावा मिळालेला नाही, आणि अनेक कलेतिहासकारांना हा तर्क मान्य नाही. शिवाय लोलक फार तर डोळे, नाक आणि ओठ कुठे येतात ते दाखवील. श्रीमती बॅडॅम यांच्या झग्यावर दहा रेषा ओढून अकरावीपाशी थांबायचे, हे ते दाखवू शकत नाही.